तयार रोमँटिक टुटू: घेर ठेवावा, बॉडिस उसवावं

पाच थरांचा, पांढरा, पोटरीपर्यंत येणारा आणि बॉडिस (धडावरची घट्ट चोळी) जोडूनच मिळणारा तयार टुटू, म्हणजे बॅले नर्तकीचा जाळीचा घेरदार पोशाख. ‘जिझेल’चा दुसरा अंक, ‘ला सिल्फीड’ किंवा ‘ले सिल्फीड’ ही बॅले बसवणाऱ्या लहान संस्था बहुतेकदा हाच प्रकार मागवतात, कारण समूहनृत्यातल्या प्रत्येक नर्तकीच्या मापाचा पोशाख शिवायला वेळही नसतो आणि नेटवर, म्हणजे जाळीच्या कापडावर, हात बसलेला कारागीरही नसतो. निकाल आधीच सांगतो. याचा घेर किमतीच्या मानाने फार चांगला आहे. बॉडिस मात्र रंगमंचावर नेण्याच्या लायकीचं नाही. दोन्ही एकमेकांना शिवलेले असल्यामुळे हा टुटू म्हणजे अर्धं काम झालेला माल, असं समजूनच घ्यावा.

सोबतच्या माहितीपत्रकात ‘डेगाच्या चित्रांतला टुटू’ असं लिहिलंय, ते वाचून सोडून द्यावं. डेगा या फ्रेंच चित्रकाराच्या नर्तकी 1870 नंतरच्या. त्यांचा टुटू गुडघ्याच्या आसपास संपणारा, घंटेसारखा. त्याने 1881 मध्ये मांडलेल्या चौदा वर्षांच्या नर्तकीच्या शिल्पाला खऱ्या कापडाचा घागरा होता, तोही लांडाच. पोटरीपर्यंतचा झुळझुळीत टुटू त्याच्या एक पिढी आधीचा. 12 मार्च 1832 रोजी पॅरिस ऑपेरात ‘ला सिल्फीड’चा पहिला प्रयोग झाला. नृत्य फिलिप्पो ताग्लिओनीचं होतं आणि नायिका त्याची मुलगी मारी. तिच्या पोशाखाचं श्रेय परंपरेने युजेन लामीला दिलं जातं. तसे पांढरे, तलम घेर त्याआधीही रंगमंचावर दिसत होते. नोव्हेंबर 1831 मध्ये मायरबेअरच्या ‘रोबेर ल दियाब्ल’ या ऑपेरातल्या मृत जोगिणींच्या नृत्यात पांढऱ्या आकृत्यांची ती भुताळी गंमत प्रेक्षकांनी पाहिली होती. 1832 नंतर मात्र तो नायिकेचा ठरलेला वेष झाला आणि 1841 च्या ‘जिझेल’ने त्यावर शिक्का मारला.

हा इतिहास इथे पाल्हाळ म्हणून आणलेला नाही. त्या पोशाखाला दोन कामं करायची होती: पाय दिसू द्यायचे आणि वजन लपवायचं. ताग्लिओनी सॅटिनच्या मऊ सपातांवर चवड्याच्या टोकावर उभी राहायची. त्या सपातांना पुढे आजच्यासारखा कडक डबा नव्हता, टोकाला आणि कडेला रफू केलेलं असायचं, बस्स. एवढ्या कष्टाने साधलेला पाऊल-घोट्याचा खेळ झाकला जाऊ नये आणि कमरेखालचा सगळा भाग धुक्यात राहावा, या दोन गरजांतून पोटरीची लांबी ठरली. तयार टुटूची परीक्षा याच दोन मुद्द्यांवर करायची.

आधी घेर. आतले दोन थर कडक नायलॉन नेटचे, प्रत्येकी सुमारे साडेचार मीटर घेराचे. बाहेरचे तीन मऊ ट्यूलचे (तलम जाळीचे), प्रत्येकी सहा मीटरच्या आसपास. हा क्रम बरोबर आहे आणि स्वस्त टुटूंत तो हमखास उलटा असतो. कडक थर बाहेर आला की घेर शंकूसारखा ताठ उभा राहतो, प्रत्येक पावलाला गुडघ्यावर आपटतो आणि हिसका देऊन परत येतो. कडक थर आत असले की ते मऊ थरांना नुसता आधार देतात. थरांमध्ये हवा साठते, नर्तकी उडी मारून जमिनीवर आली तरी ट्यूल क्षणभर मागून खाली उतरतं. प्रेक्षकाला ती अजून हवेतच आहे असं वाटतं, ते त्या क्षणभराच्या उशिरामुळे.

चुण्या कमरेवर नाहीत, योकवर आहेत, ही दुसरी चांगली गोष्ट. कमरेखाली सात सेंटिमीटर रुंदीची सुती पट्टी नितंबांवर घट्ट बसते आणि घेर तिच्या खालच्या भागावर शिवलेला आहे. पाचही थर एकाच रेषेत न शिवता एकाखाली एक, साधारण सेंटिमीटरभर अंतर सोडून शिवले आहेत. एकाच टिपेत पाच थरांच्या चुण्या कोंबल्या तर तिथे बोटाएवढा जाड कंगोरा तयार होतो, तो बॉडिसच्या टोकाखाली फुगतो आणि मशीनची सुईही मोडतो. इथे तसं झालेलं नाही. एक दोष आहे. सर्वांत बाहेरच्या थराचे दोन तुकडे उभ्या दिशेत आणि एक आडव्या दिशेत कापलाय. जाळी आडवी जास्त ताणते, म्हणून तो तुकडा लोंबतो. बाजूला येणारा जोड पाठीमागे वळवला तर फारसं लक्षात येत नाही.

लांबीच्या बाबतीत मात्र निर्मात्याने सरळ आळस केलाय. लहान, मध्यम, मोठं अशी तिन्ही मापं आहेत, पण कमरेपासून खालच्या काठापर्यंतची लांबी तिन्हींत 75 सेंटिमीटरच. ज्या नर्तकीची कंबर जमिनीपासून 96 सेंटिमीटरवर आहे तिचा काठ 21 वर येणार, 107 वर असेल तिचा 32 वर. अकरा सेंटिमीटरचा फरक! ‘जिझेल’मधल्या विली (मृत मुलींची भुतं) रांगेत उभ्या राहतात तेव्हा सगळ्यांचे काठ एका रेषेत हवेत, नाहीतर ती रांग करवतीच्या दात्यांसारखी दिसते. म्हणून समूहाचा टुटू कमरेपासून मोजत नाहीत, जमिनीपासून वर मोजतात. 30 सेंटिमीटर हे बऱ्याच जणींना साजेसं माप आहे. रांगेतली सर्वांत उंच मुलगी आधी उभी करावी आणि तिला जेवढं मिळतं त्यावर सगळ्यांचं ठरवावं, कारण नेट कापता येतं, वाढवता येत नाही.

कापायच्या आधी टुटू दोन दिवस टांगून ठेवावा. घडीतलं नेट सरळ होताना थोडं खाली उतरतं. मग नर्तकीला तो घालून, सपाट पावलांवर, टेबलावर उभं करावं. उभी पट्टी एका जागी धरून नर्तकीनेच हळूहळू फिरायचं आणि दर 15 सेंटिमीटरवर टाचणी लावायची. बाहेरचे थर वर घेऊन कमरेशी टाचून ठेवावेत आणि कापायला आतून सुरुवात करावी: आतले दोन कडक थर जमिनीपासून 33 वर, तिसरा 32, चौथा 31 आणि बाहेरचा 30. कडक थर किंचित आखूड राहिले की मऊ काठाखालून डोकावत नाहीत. लांब पात्याची कात्री, लांब झेप. छोट्या छोट्या कापांनी काठाला पायऱ्या पडतात आणि त्या दिव्याखाली चटकन दिसतात. जमिनीवर पसरून, कमरेपासून सारखं अंतर घेऊन कापलं तर मागचा काठ वर चढतो, कारण नितंबांचा गोलवा तेवढं कापड खाऊन टाकतो. काठाला फीत किंवा हेम लावू नये. नेटचे धागे सुटत नाहीत, उलट फितीच्या वजनाने काठ वळतो आणि घेराची सगळी हलकी चाल जाते.

बॉडिसचं दुखणं कापडापासूनच सुरू होतं. ताणणारं, चकचकीत कापड वापरलंय. त्याला आतून अस्तर आहे, पण तेही ताणणारं. घालायला सोपं, माप जरा चुकलं तरी चालून जातं, हे सगळं खरं. पण पाच थरांचा घेर खाली ओढतो आणि ताणणारं कापड त्याला सोडत जातं. तासाभराच्या तालमीनंतर कंबरेची रेषा दोन बोटं खाली. जोडीदार उचलायला हात लावतो तेव्हा कापड त्याच्या तळव्याखाली सरकतं आणि नर्तकी आतल्या आत फिरते, हे त्याहून वाईट. नृत्याचं बॉडिस न ताणणाऱ्या घट्ट सुती कापडावर बांधायचं असतं, आणि हालचालीसाठी लागणारी सवलत कळ्यांच्या कापण्यातून काढायची असते. बॅलेचे पोशाख करणाऱ्या बार्बरा कारिन्स्काने विसाव्या शतकात काही कळ्या उरेब (कापडाच्या तिरक्या दिशेत) कापून हे इतकं नेमकं साधलं की ती पद्धत आजही कारागीर वापरतात. इथे दहा कळ्या आहेत, पण दहाही सरळ. म्हणजे शोभेच्या शिवणी.

उघड्या खांद्यांच्या गळ्यावर लहान फुगीर बाह्या आहेत, दिसायला 1830 च्या दशकाला धरून. त्या मुंढ्याला चारही बाजूंनी शिवल्यामुळे नर्तकीने हात डोक्यावर नेले की सगळं बॉडिस छातीवरून वर येतं आणि खाली आलं की तिथेच अडकतं. यावर उपाय सोपा आहे. बाही पूर्ण उसवावी, तिच्या दोन्ही काठांना अरुंद इलॅस्टिक घालून ती दंडावर वेगळी बसू द्यावी आणि पुढे-मागे एकेका टाक्याने बॉडिसला अडकवावी. काखेखाली जोड नकोच.

पाठीला चेन आहे. प्रयोगात चेनीत ट्यूल अडकलं की ते फाडल्याशिवाय सुटत नाही. हूकच हवेत, दोन-दोन सेंटिमीटरवर, एक इकडे तोंड केलेला आणि पुढचा तिकडे, म्हणजे श्वासागणिक आपोआप निसटत नाहीत. हूक अडकवायच्या फाशांच्या पाठीच्या दुसऱ्या काठावर दोन-तीन ओळी लावाव्यात, मग तोच टुटू पुढच्या वर्षी दुसऱ्या मुलीला होतो. या तयार बॉडिसच्या पाठीच्या शिवणीत माया (आत सोडलेलं जादा कापड) जेमतेम सेंटिमीटरभर सोडली आहे, त्यामुळे चेन काढून हूकपट्टी लावायची तर वरून वेगळी पट्टी जोडावीच लागते. इतकं करण्यापेक्षा बॉडिस योकपासून उसवून बाजूला ठेवावं आणि मापाचं नवं शिवून घ्यावं. योक तसाच राहू द्यावा, त्याला कमरेशी एक न ताणणारी पट्टी आतून लावावी. घेराचं वजन त्या पट्टीवर येतं आणि नवं बॉडिस निवांत राहतं.

पंख सोबत येतात. तारेचे, पाठीच्या मध्यावर शिवलेले, जोडीदाराच्या नाकाच्या उंचीवर. काढून टाकावेत. सिल्फला, म्हणजे ‘ला सिल्फीड’मधल्या वायुपरीला, पंख हवेतच, पण लहान, तारेविना, कमरेच्या किंचित वर.

रंगाबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं. हा पांढरा रंग निळसर, भगभगीत आहे आणि एलईडी दिव्यांत तो अक्षरशः डोळ्यांत घुसतो. पॅरिस ऑपेरात 1822 पासून गॅसचे दिवे होते. त्यांचा पिवळसर, थरथरता उजेड पांढऱ्या सुती जाळीवर पडून जे चांदणं तयार व्हायचं, ते आज दिव्यांपेक्षा कापडाच्या रंगातून मिळवावं लागतं. बाहेरचे थर किंचित मळकट किंवा राखाडी छटेत बुडवले की काम होतं. अडचण अशी की या टुटूत आतलं नेट नायलॉन आणि बाहेरचं ट्यूल पॉलिएस्टर आहे. नायलॉनचा आम्लयुक्त रंग पॉलिएस्टरला जवळजवळ लागतच नाही. सगळा टुटू एका पातेल्यात बुडवला तर आतले थर गडद आणि बाहेरचे पूर्वीसारखेच कोरे निघतात. छटा आतल्या दोन थरांनाच द्यावी, ती बाहेरून झिरपते आणि पुरते.

त्या गॅसच्या दिव्यांची दुसरी बाजूही विसरू नये. 15 नोव्हेंबर 1862 रोजी एमा लिव्री या नर्तकीचा घेर पॅरिस ऑपेरात तालमीच्या वेळी दिव्याला लागून पेटला. आठ महिन्यांनी, विसाव्या वर्षी ती गेली. आगरोधक द्रावणात बुडवलेलं कापड तेव्हा उपलब्ध होतं, 1859 मध्ये त्याची सक्तीही झाली होती. पण त्याने कापड कडक आणि मळकट व्हायचं, म्हणून तिने ते नाकारलं होतं. आजचं नेट तेव्हाच्या टार्लटनसारखं, म्हणजे विरळ सुती कापडासारखं, भडकत नाही, पण वितळतं आणि गरम थेंब कातडीला चिकटतात. या टुटूच्या लेबलवर ‘आगरोधक’ एवढंच छापलंय. कोणत्या कसोटीनुसार, किती धुण्यांपर्यंत, काही नाही. विक्रेत्याकडून लेखी प्रमाणपत्र मागावं. काठ कापताना निघालेल्या पट्ट्या टाकून न देता प्रत्येक थराची एक पट्टी चिमट्यात धरून, खाली पाण्याचं भांडं ठेवून, उघड्या हवेत तपासावी. ज्योत बाजूला केल्यावरही जळत राहिली किंवा जळते थेंब पडले, तर त्या टुटूजवळ मेणबत्ती किंवा मशाल येऊ देऊ नये. धुतल्यावर हा लेप उतरू शकतो, म्हणून दर हंगामात पुन्हा तपासावं.

धुणं मुळात कमीच करावं. घाम बॉडिसला लागतो, घेराला नाही. अस्तर उलटून त्यावर पाणी मिसळलेली व्होडका फवारून वाऱ्यावर ठेवायची पद्धत नाटकांच्या कपडेपटांत जुनी आहे आणि ती चालते. नेटवर इस्त्री कधीच नाही, वाफ द्यावी, तीही हातभर अंतरावरून. कोरड्या हवेत आतला थर मोज्यांना चिकटत असेल तर त्यावर पाण्याचा बारीक फवारा पुरतो. एकोणिसाव्या शतकातलं खळ दिलेलं टार्लटन घामाने आणि दमट हवेने मऊ पडायचं, तो त्रास नायलॉनमुळे संपलाय. पण घडी करून पेटीत ठेवलं तर नायलॉनही मोड लक्षात ठेवतं. टुटू योकच्या आतल्या पट्टीला दोन नाड्या शिवून टांगावा, आणि महिन्या-दोन महिन्यांनी काठ वर करून उलटा टांगावा, म्हणजे चुण्या दबत नाहीत.

मागवताना छातीचं माप बघू नका, बॉडिस जाणारच आहे. योकचं माप कमरेवर नाही, नितंबांच्या वरच्या भागावर घ्या, आणि दोन मापांच्या मध्ये असाल तर मोठं घ्या. योक मागच्या शिवणीत आत घेता येतो. बाहेर सोडायला तिथेही माया नाही.