एका बकेटमध्ये अख्खं घर रंगवून गेला

मी ब्लाउज शिवते. कापड मोजण्यात वीस वर्षं गेली. ८० सेंटिमीटरच्या पिसातून कोपरापर्यंतची बाही निघेल की नाही, हे मी नजरेनंच सांगते. तरी मागच्या मे महिन्यात एक ठेकेदार माझ्या डोळ्यांदेखत घर रंगवून गेला आणि त्यात चाळीस लिटर रंग लागलाच नाही, हे मला पाऊस पडेपर्यंत कळलं नाही. नागपुरात पावसाळ्याआधी घर रंगवायची सगळ्यांचीच घाई असते, म्हणून लिहिते आहे.

आमचं घर मानेवाड्याकडे, खाली चार खोल्या आणि वर दोन. बाहेरचा जुना पिस्ता रंग इतका उडाला होता, की भिंतीला टेकलं तर पाठीवर पांढरी भुकटी यायची. ओळखीतून एक ठेकेदार आला. त्यानं टेप लावला आणि ३,१५० चौरस फूट काढले. मटेरियलसकट २४ रुपये फूट, म्हणजे ७५,६०० रुपये. यात बाहेरून दोन हात, म्हणजे रंगाचे दोन थर, आणि वर गेट-ग्रिलचा ऑइल पेंट फुकट. मी विचारलं, "रोलर मारणार की ब्रश?" तो हसलाच. "ताई, रोलर घासत कोण बसते आता? पुण्या-मुंबईत सारं स्प्रे गननंच होऊन राहिलं. चार दिवसांचं काम दीड दिवसात देतो. फिनिशिंग पाहा फक्त."

दीड दिवस म्हटल्यावर मी भुलले, खोटं कशाला बोलू. यजमान बुटीबोरीला शिफ्टमध्ये, घरी मी एकटी, लग्नसराईचे ब्लाउज तुंबलेले. चार दिवस मजुरांना चहा करत बसण्यापेक्षा दीड दिवस बरा वाटला. ५०,००० आधी दिले, तेही यूपीआयनं, त्यानं सांगितलेल्या मेव्हण्याच्या नंबरवर. बिल मागितलं तर म्हणाला, "काम झाल्यावर देतो ना."

तीन सीलबंद बकेट आणल्या, वीस-वीस लिटरच्या, चांगल्या कंपनीच्या. मला दाखवल्या, मी फोटोही काढला. रंग मात्र पांढराच. मला क्रीम हवा होता. "दुकानातल्या मशीनवर बनवलेली शेड महाग पडते ताई, इथंच बाटलीतला रंग, स्टेनर, टाकून बनवून देतो." मला त्यात काटकसर दिसली. त्याची खरी काटकसर कशात होती ते पुढे येईलच.

ते दिवस नवतप्याचे, म्हणजे मे अखेरच्या सगळ्यात कडक उन्हाचे. पारा ४५च्या वर. दोन पोरं सकाळी नऊला आली आणि भिंती न धुता, न घासता, फक्त झाडू फिरवून त्यांनी काम सुरू केलं. प्रायमरचं विचारलं तर "गनला प्रायमरची गरज नसते." गन म्हणजे काय, तर हातात धरायचा विजेवरचा लहान फवारा, खाली लिटरभराचा डबा लटकलेला. दर थोड्या वेळानं ती अडकायची. मग पोरगा खाली यायचा आणि बकेटमध्ये मगानं पाणी ओतायचा. मी एकदा मोजलं, एका वेळी पाच मग. "इतकं पाणी?" तर "गनला पातळच लागते ना काकू."

खिडक्या-दारांना कागद लावणं वगैरे काही नाही. संध्याकाळी मी आतून पाहिलं तर काचांवर रव्यासारखे बारीक ठिपके. कूलरच्या ताट्यांवर ठिपके, तुळशीवर ठिपके. आणि शेजारच्या काकूंच्या गच्चीवर खाटेवर पसरलेल्या कुरड्या! तीन दिवस गहू भिजवून, पहाटे चारला उठून चीक शिजवून केलेल्या पाच किलोच्या कुरड्या. काकूंनी एक उचलून उन्हात धरली आणि मला म्हणाल्या, "हे काय पडलं व माझ्या कुरड्यांवर? आता ह्या गाईलेही घालता येत नाही." मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. ठेकेदार फोनवर म्हणाला, "हवा होती ताई, मी काय करू."

दुसऱ्या दिवशी दुपारी एकला काम संपलं. घर दिसत होतं मात्र झकास! ना ब्रशची रेघ, ना रोलरचा दाणा. उरलेल्या पैशांतले २०,००० मी तिथंच दिले. रिकाम्या बकेट मागितल्या, पाणी भरायला कामी येतात म्हणून, तर एकच मिळाली. बाकीच्या दोन म्हणे पोरांनी गाडीत टाकल्या.

जूनमध्ये पहिला दणकून पाऊस झाला आणि ओट्यावर दुधाळ पाणी साचलं. आधी मला वाटलं, वरून चुना वाहून आला. मग पश्चिमेच्या भिंतीकडे पाहिलं तर क्रीमच्या आडून पिस्ता डोकावत होता. कूलरखालच्या जागी तर रंग सालीसारखा सुटलेला. ठेकेदाराचं उत्तर तयार होतं, "ताई, तुमच्या भिंतीत ओल होती."

महालात राहणारे एक म्हातारे पेंटर काका माझ्या माहेरच्या ओळखीचे. तीस-चाळीस वर्षं त्यांनी ब्रश चालवला. ते आले, भिंतीवर सेलोटेप दाबली आणि खसकन ओढली. टेपला क्रीम थराच्या मागे जुन्या रंगाची भुकटी चिकटून आली. म्हणाले, "पोरी, रंग भिंतीवर बसलाच नाही, धुळीवर बसला. आणि हा एकच हात आहे, तोही पाण्याचा."

मग पायरीवर बसून त्यांनी मला जे समजावलं ते आधी माहीत असतं तर माझे पैसे वाचले असते. त्यांच्या मते गन वाईट नाही. पण मोठ्या कामाची एअरलेस मशीन वेगळी आणि हा हातातला फवारा वेगळा. एअरलेसमध्ये पंपाचा दाब इतका असतो की घट्ट रंगही बाहेर पडतो, पाणी नाममात्र लागतं. लहान फवाऱ्यातून घट्ट रंग निघत नाही, म्हणून हे लोक पाणी ओततात आणि थर कागदासारखा बसतो. बकेटवर किती पाणी घालायचं ते छापलेलं असतं, ते वाचायचं आणि समोर मोजून घालायला लावायचं. दुसरं, रोलर रंगाला प्लास्टरच्या बारीक भोकांत दाबतो, गन नुसती वरून पसरवते. म्हणून चांगले कारागीर गन मारली की रंग ओला असतानाच त्यावरून रोलर फिरवतात. तिसरं आपल्या उन्हाचं. मे महिन्याच्या दुपारी फवाऱ्याचा थेंब भिंतीपर्यंत पोचता पोचता अर्धा वाळतो आणि पावडरसारखा चिकटतो. तापलेल्या भिंतीवर रोलरचंही काम नीट होत नाही, पण निदान रंग हवेत वाळत नाही. जुना रंग हाताला भुकटी देत असेल तर घासणं, धुणं आणि प्रायमर चुकतच नाही, मग गन असो की रोलर.

मी विचारलं, मग गन मारावी कुठं? म्हणाले, नव्या रिकाम्या फ्लॅटमध्ये, फॉल्स सीलिंगला, ग्रिल-गेटला. राहत्या घरात खिडक्या, फरशी, कूलर, गाड्या नीट झाकायलाच एक दिवस जातो, मग दीड दिवसाचा हिशेब कुठं राहतो? जो झाकतच नाही त्याचंच काम दीड दिवसात होतं. आणि पुढे एखाद्या जागी टचअप करावं लागलं तर गनच्या गुळगुळीत भिंतीवर रोलरचा तुकडा ठिगळासारखा दिसतो. ठिगळ म्हटल्यावर मला लगेच समजलं.

मग मी माझा टेप काढला. काका एक टोक धरून उभे. खिडक्या-दारं वजा करून माप आलं २,३८०. त्यानं खिडक्या वजा केल्या नव्हत्याच, वर गच्चीचा कठडा दोन्ही बाजूंनी धरला आणि न रंगवलेली कंपाउंडची भिंतही त्यात घातली. ७७० फुटांचे १८,४८० रुपये मी हवेला दिले. खिडक्या वजा करायच्या की नाही, यावर पेंटरांमध्ये दोन मतं असतात, ते आधीच ठरवून लिहून घ्यावं. पण न रंगवलेल्या भिंतीबद्दल काही दोन मतं नसावीत.

बकेटचं कोडंही काकांनीच सोडवलं. बाहेरच्या चांगल्या इमल्शनचा एक लिटर दोन हातांत साधारण ५० ते ६० फूट पुरतो. माझ्या घराला चाळीस-पंचेचाळीस लिटर लागायला हवे होते. एका बकेटमध्ये जेमतेम एक हात होतो. बाकीच्या दोन सीलबंदच परत गेल्या, कारण पांढरा रंग कुठल्याही साइटवर चालतो, दुकानदारही परत घेतो. मशीनवर बनवलेली क्रीम शेड कोण परत घेणार? मशीनच्या बकेटवर शेडचा नंबर असतो आणि ती तुमच्याच घराची राहते. हे ऐकून मी कपाळावर हात मारला. बकेटमध्ये कंपनीनं पेंटरसाठी ठेवलेलं बक्षिसाचं टोकन असतं, ते त्यानंच ठेवावं, माझी ना नाही. पण झाकणं माझ्यासमोर उघडायला लावली असती तरी भांडं फुटलं असतं.

पैशांचं काय? शेवटचे ५,६०० मी दिलेच नाहीत. यजमानांनी आणि दिरानं त्याच्या घरी जाऊन बसल्यावर ९,००० परत आले. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, त्यांनी जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्ग सांगितला. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही आणि दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पण माझ्याकडे बिल नाही, पैसे मेव्हण्याच्या नावावर गेलेले आणि 'दोन हात' हा शब्द फक्त तोंडी. एक व्हॉइस मेसेज तेवढा सापडला, ज्यात तो तीन बकेट लागतील म्हणतो. तो आणि तो फोटो जपून ठेवलाय, अर्ज ओळखीच्या वकिलाकडून लिहून घेणं चालू आहे.

दिवाळीनंतर काकांच्या पुतण्याकडून घर पुन्हा केलं. घासलं, धुतलं, दोन दिवस वाळू दिलं, प्रायमर, मग रोलरनं दोन हात, सकाळी ऊन चढायच्या आत एक बाजू आणि सावली आल्यावर दुसरी. सहा दिवस लागले, सहा दिवस चहा केला. दोन मोठ्या बकेट आणि एक चार लिटरचा डबा, तिन्ही रिकामे माझ्या ओट्यावर आहेत. काकूंना पाच किलो गव्हाच्या कुरड्या मीच करून दिल्या, पहाटे चीक ढवळताना हात भाजला तो वेगळाच.

गेट आणि ग्रिलला त्या ठेकेदारानं गननंच ऑइल पेंट मारला होता. तो अजून चकाचक आहे.