कागद खरा, कॅन खोटी: 'यूएन' शिक्क्याच्या नावाखाली झालेली फसवणूक

रसायन निर्यात करणाऱ्या, विशेषतः तळोजा-अंबरनाथ पट्ट्यातल्या छोट्या युनिटवाल्यांनी हे वाचावं. सप्लायरचं नाव लिहीत नाही, प्रकरण सुरू आहे. पद्धत मात्र सविस्तर सांगतो, कारण हा माणूस एकटा नसणार.

आमचा माल ९८ टक्के सल्फ्युरिक ॲसिड, ३५ लिटरच्या प्लास्टिक कॅनमध्ये, न्हावा शेवा बंदरातून केनियातल्या मोंबासाला. हा धोकादायक माल, क्लास ८ (म्हणजे गंजवणारे, जाळणारे पदार्थ), पॅकिंग ग्रुप दोन (एक सर्वांत धोकादायक, तीन सर्वांत कमी). साधी कॅन चालत नाही. यूएन, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या नियमांप्रमाणे चाचणी पास झालेल्या डिझाइनचीच लागते आणि तसा शिक्का कॅनवर असावा लागतो. नेहमीच्या उत्पादकाकडे माल नव्हता. एका दलालाने दुसरी पार्टी दिली. भाव थोडा कमी होता, पण संशय यावा इतका नाही. यातली खरी हुशारी हीच.

आम्ही प्रमाणपत्र मागितलं. लगेच आलं, चाचणी अहवालासकट, आणि ते खरंच होतं. फक्त ते त्या कॅनचं नव्हतं. प्रमाणपत्र मिळतं ते एका डिझाइनला: ठरावीक उत्पादक, ठरावीक साचा, ठरावीक वजन आणि जाडी. दुसऱ्याच कुणाचा कागद मिळवायचा, उत्पादकाच्या नावावर 'आमचीच सिस्टर कंपनी' म्हणून पांघरूण घालायचं आणि तोच शिक्का स्वस्तातल्या कॅनवर मारून द्यायचा, असा हा धंदा.

शिक्का असा होता: ३एच१/वाय१.९/१००/२४/आयएनडी, पुढे प्रमाणित करणाऱ्याची आणि उत्पादकाची खूण. ३एच१ म्हणजे बंद तोंडाची प्लास्टिक जेरीकॅन. वाय म्हणजे पॅकिंग ग्रुप दोन आणि तीनसाठी चालेल. एक्स तिन्हींसाठी, झेड फक्त तीनसाठी. १.९ ही घनता, १०० हा पाण्याच्या दाबाच्या चाचणीचा आकडा किलोपास्कलमध्ये, २४ हे उत्पादनाचं वर्ष, आयएनडी म्हणजे भारत. आमच्यासाठी सगळा जीव त्या १.९ मध्ये. ॲसिडची घनता १.८४, म्हणजे ३५ लिटर पाणी ३५ किलो, तर तेवढंच ॲसिड ६४ किलोंच्या वर. म्हणून पाडण्याच्या चाचणीत वाय दर्जाची कॅन एरवी १.२ मीटरवरून टाकतात, पण १.९ चा शिक्का हवा आणि आत पाणीच भरलं असेल तर १.९ मीटरवरून. तीही उणे १८ अंशांपर्यंत गार करून, कारण थंडीत प्लास्टिक तडकतं.

माल पकडला सीएफएसमधल्या, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनर भरण्याच्या गोदामातल्या, तपासणी करणाऱ्या सर्व्हेअरने. त्याने कॅन आडवी केली, बोट फिरवलं आणि म्हणाला, "साहेब, हा शिक्का साच्यातला नाही, नंतर गरम डायने मारलाय." अक्षरांच्या कडा वितळून वर आल्या होत्या. उंची जेमतेम ८ मिलिमीटर. ३० लिटरच्या वरच्या कॅनला ती किमान १२ लागते. आणि साच्यातच उमटलेलं, उत्पादनाचा महिना-वर्ष दाखवणारं घड्याळासारखं चिन्ह शिक्क्यातल्या वर्षाशी जुळत नव्हतं. मग आम्ही रिकामी कॅन काट्यावर ठेवली. अहवालात १.९ किलो, काट्यावर दीडच्या आसपास. उजेडात धरली तर तळाचा कोपरा आरपार दिसत होता.

शिपिंग लाइनने बुकिंग रद्द केलं. माल परत आणणं, ॲसिड दुसऱ्या कॅनमध्ये ओतणं, वर सीएफएसचं भाडं, सगळं आमच्या माथी. डीजी डिक्लरेशनवर, म्हणजे धोकादायक मालाच्या घोषणापत्रावर, सही शिपरची (माल पाठवणाऱ्याची) असते, कॅनवाल्याची नाही. तरी सुटलो म्हणायचं. बोटीवर खालच्या थरातली एक कॅन फुटली असती तर हिशेब पैशांत मांडता आला नसता.

सप्लायरला फोन केला तर आधी, "साहेब, टेन्शन घेऊ नका, आठ दिवसांत तुमच्या नावाने नवीन सर्टिफिकेट काढून देतो." इथेच तो उघडा पडला. द्रवाच्या प्लास्टिक कॅनची नुसती थराची चाचणीच २८ दिवसांची असते, ४० अंशांत, डोक्यावर तीन मीटर थराइतकं वजन ठेवून. आठ दिवसांत फक्त छपाई होते. दुसऱ्या फोनला सूर बदलला: "मी यूएन म्हणून विकलंच नाही, बिल बघा." बिलावर खरंच 'एचडीपीई कॅन ३५ लि.' एवढंच होतं. यूएनचा सगळा व्यवहार व्हॉट्सॲपवर. ते मेसेज आणि दलालाचे कोटेशन आता वकिलाकडे आहेत. दलाल म्हणतो, मी फक्त ओळख करून दिली. कमिशन मात्र आधीच घेऊन बसलाय.

आता आमच्या ऑर्डरवर शिक्क्याची पूर्ण ओळ अक्षरन् अक्षर लिहिलेली असते आणि बिलावर ती तशीच आल्याशिवाय पैसे सुटत नाहीत. प्रमाणपत्राचा नंबर, मुदत आणि उत्पादकाचं नाव ते देणाऱ्या संस्थेकडूनच विचारून घेतो. आमच्याकडे बहुतेक कागद अंधेरीच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंगचे असतात. गाडी उतरवताना मधल्याच कुठल्याही दोन-चार कॅन काट्यावर जातात.

हाच माणूस दुसऱ्या नावाने पुन्हा कोटेशन पाठवतोय असं परवा ओळखीच्या सीएचएने (कस्टम्सचं काम पाहणाऱ्या एजंटने) सांगितलं. कागद तोच. अहवालातल्या फोटोत कॅन निळी आहे, मूठ मधोमध. तो पाठवतो ती पांढरी, मूठ कडेला.