भितरकनिका: जावं, पण इंजिनाचं आधी बोलून घ्यावं

जानेवारीत ओडिशातल्या भितरकनिका राष्ट्रीय उद्यानात खोलाहून डांगमाळला बोटीने गेलो. ओहोटीची वेळ मागून घेतली ते बरं केलं. चिखलावर खाऱ्या पाण्यातल्या मगरी ओंडक्यांसारख्या पडलेल्या, एक तर जबडा वासूनच. खंड्या इथे 8 जातींचे. आम्हाला 5 दिसले. तपकिरी पंखांचा खंड्या तर खारफुटीच्या फांदीवर खेकडा आपटत बसला होता, लालभडक चोच, आमच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. चिखलात निवट्या (चिखलावर उड्या मारणारे छोटे मासे) उडताना बघून मालवणची खाडी आठवली (आणि कालवणही!). बोटवाला मात्र इंजिन बंदच करेना. त्या धडधडीने निम्मे पक्षी आधीच पसार. जेवण साधंच. मे ते जुलै मगरींच्या विणीसाठी उद्यान बंद असतं. बगागहाणची पक्ष्यांची वसाहत भरलेली बघायची तर ऑगस्टनंतर लगेच गाठा; आमची हुकली.