लघवीची बाटली, ब्रश की व्हिनेगर? गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरसाठी कोणती तपासणी करावी

कापूस वेचणीच्या दिवसांत आशाताई या कॅन्सरच्या तपासणी शिबिराचं सांगायला आल्या की बाया आधी एकच विचारतात, "टेबलावर झोपा लागते का?" हा संकोच जुना आहे. डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायकांना तपासलं, तेव्हा ९२ टक्के जणींना स्त्रीरोग निघाले. त्याआधी कधी आतली तपासणी झालेल्या होत्या जेमतेम ८ टक्के. हा अभ्यास १९८९ चा. म्हणूनच 'हा कॅन्सर लघवीवरूनच कळतो' असं कानावर आलं की जीव भांड्यात पडतो.

लघवीत कॅन्सर दिसत नाही, दिसतो तो एचपीव्ही विषाणूचा डीएनए. हा विषाणू वर्षानुवर्षं टिकून राहिला तरच पिशवीच्या तोंडाशी कॅन्सर होतो. तिथल्या पेशी आणि स्राव खाली येऊन साचतात आणि पहिल्या धारेसोबत वाहून येतात. एरवी लॅबवाले मधली धार मागतात, इथे पहिलीच हवी, तीही आधी न धुता. नमुना टिकवणारं द्रव बाटलीत नसेल तर डीएनए तुटत जातो, आणि आपल्याकडचा मे महिना तर ठाऊकच आहे. २०१४ साली अनेक अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा पिशवीच्या तोंडाच्या नमुन्यात विषाणू सापडलेल्या १०० जणींपैकी साधारण ८७ जणींच्या लघवीतही तो सापडला. चांगलं आहे, पण पुरेसं नाही.

एचपीव्हीसाठी ब्रशचा नमुनाही बाई स्वतःच घेते. पडद्याआड जायचं, मऊ ब्रश आत फिरवायचा, नळीत टाकायचा. कुणासमोर झोपायचं नाही. यात पेशी जास्त येतात आणि अभ्यासही कितीतरी जास्त झालेत. २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही तपासणीला पहिली पसंती दिली, स्वतः घेतलेला नमुनाही चालतो म्हटलं. दोन्ही समोर असतील तर मी डोळे झाकून ब्रश घ्यायला सांगेन. ब्रशलाही 'नाही'च म्हणणाऱ्या बाईसाठी मात्र लघवीची बाटली काहीच न करण्यापेक्षा फार बरी.

पण गावात आज हाताशी काय आहे? बहुतेक ठिकाणी व्हीआयए. पिशवीच्या तोंडाला व्हिनेगरसारखं सौम्य ॲसिड लावतात, मिनिटभर थांबतात, पांढरा डाग उठतो का बघतात. निकाल तिथल्या तिथे, त्यामुळे दुसरा रोज बुडत नाही. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी दर ५ वर्षांनी ही तपासणी आहे. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा रुग्णालयाने प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून ती ठरावीक काळाने करून घेतली, तेव्हा या कॅन्सरचे मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात मात्र एकदाच केलेल्या एचपीव्ही तपासणीने मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, एकदाच केलेल्या व्हीआयएने तेवढा फरक पडला नाही. शिवाय पाळी गेल्यावर पाहायची जागा आत सरकते आणि डाग नीट दिसत नाही.

म्हणून घरात सून ३४ ची आणि सासूबाई ५८ च्या असतील तर दोघींचं उत्तर वेगळं. सुनेनं एचपीव्हीची वाट पाहत बसू नये, प्राथमिक आरोग्य केंद्रात व्हीआयए करून घ्यावी. सासूबाईंसाठी जिल्ह्याच्या किंवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात एचपीव्हीची चौकशी करावी.

विषाणू निघाला तर कॅन्सर झाला असं नाही. बहुतेकींच्या शरीरातून तो वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. पण पुढची तपासणी टेबलावरच होते. बाटलीने ती टळत नाही, फक्त जिला खरंच गरज आहे तिच्यावरच येते. हे आधीच सांगायला हवं, नाहीतर निकाल हातात घेऊन बाई घरीच बसते.

'एका लघवीत सगळे कॅन्सर' असं सांगून कुणी किट विकत असेल तर पैसे देऊ नका. आपल्या बायकांत सर्वांत जास्त आढळणारा स्तनाचा कॅन्सर लघवीवरून ठरवत नाहीत.

आणि पाळी गेल्यावर रक्त जात असेल, संबंधानंतर जात असेल, किंवा अंगावरून घाण वासाचं पाणी जात असेल, तर बाटली नको, ब्रश नको, शिबिराची वाटही नको. त्याच आठवड्यात सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय किंवा नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी कॅन्सर रुग्णालय गाठा, वेचणी राहिली तरी चालेल.