ॲप्रेंटिसशिपसाठी घेतलेला १४९९ चा सेफ्टी कॉम्बो, आठ महिन्यांनंतरचा रिव्ह्यू

आधीच सांगते, पाचपैकी दीड स्टार. त्यातला अर्धा जॅकेटचा आहे आणि तोही कंपनीत वापरलं म्हणून नाही, ते पुढे सांगते.

मी मशिनिस्ट ट्रेडची, आयटीआय साताऱ्याला झालं, आता चाकणला एका ऑटो पार्ट्सच्या कंपनीत ॲप्रेंटिस आहे. जॉइनिंगच्या आधी आमच्या बॅचच्या ग्रुपवर कुणीतरी फॉरवर्ड टाकला की स्वतःचं सेफ्टी किट असल्याशिवाय गेटच्या आत घेत नाहीत. झालं, आम्ही सगळे घाबरलो आणि ऑनलाइन जे पहिलं दिसलं ते मागवलं. "ॲप्रेंटिस स्पेशल कॉम्बो", बूट, हेल्मेट, गॉगल, हातमोजे, इअर प्लग, नारिंगी जॅकेट, सगळं एका बॉक्समध्ये. पप्पांनी लगेच पैसे टाकले, त्यांना वाटलं एवढ्यात पोरीची सेफ्टी होत असेल तर स्वस्तच आहे की.

बुटांपासून सुरू करते कारण राग तिथेच जास्त आहे. माझा पाय चार नंबरचा. किटमध्ये साइज निवडायला सहापासून पुढे, खाली लिहिलेलं "युनिसेक्स". हे युनिसेक्स म्हणजे नक्की काय तर पुरुषांचाच बूट, फक्त मुलींनी पण घातला तरी आमची हरकत नाही असं. सहा मागवला, आत दोन दोन मोजे घातले आणि पहिल्या दिवशी आठ तास शॉपफ्लोअरवर उभी राहिले. बूट मोठा असला की नुसता ढिला होत नाही, त्यातली ती पुढची स्टीलची टोपी भलत्याच जागी येते, माझी बोटं तिच्या मागेच राहत होती आणि चालताना बूट दुमडला की टोपीची कडा बरोबर बोटांच्या वर घासायची. संध्याकाळी मोजा काढला तर दोन फोड. शिवाय पाय उचलताना बुटाचं टोक पॅलेटला अडकायचं ते वेगळंच, दोनदा पडता पडता वाचले, एकदा तर हातात जॉब, म्हणजे मशीनवर करायचा लोखंडी तुकडा, होता.

बरं तो बूट तरी खरा होता का? आमच्या सेफ्टी ऑफिसर मॅडमनी हातात घेऊन उलटा केला, जीभ बाहेर ओढून आतलं लेबल बघितलं आणि म्हणाल्या यावर काहीच नाहीये गं. सेफ्टी बुटावर आयएसआयचा शिक्का, सोबत आयएस १५२९८ हा भारतीय मानकाचा नंबर आणि सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर पाहिजे. तो लायसन्स नंबर बीआयएस केअर नावाच्या ॲपमध्ये टाकला की कुठल्या कंपनीचा आहे, चालू आहे की बंद झालाय ते कळतं, दोन मिनिटांचं काम. माझ्या बुटावर नुसतं इंग्रजीत "सेफ्टी" असं छापलेलं. त्या आयएसमध्ये टोपीची टेस्ट २०० जूलची असते, म्हणजे साधारण वीस किलोचं वजन एक मीटरवरून बोटांवर पडलं तरी टोपीने झेललं पाहिजे. आमच्याकडे एकेक फोर्जिंग (ठोकून घडवलेला भाग) आठ-नऊ किलोचं असतं आणि टेबल कमरेच्या उंचीचं, गणित तुम्हीच करा. माझ्या बुटाची टोपी अंगठ्याने जोर दिला की थोडी आत जायची!!

हातमोजे. पांढरे सुती, एका बाजूला निळे ठिपके, भाजीवाल्यांकडे पण हेच असतात. मी तिसऱ्या दिवशी हौसेने घालून ड्रिल मशीनवर गेले, मला वाटलं किती शहाणी मी. शेजारचे ऑपरेटर काका लांबूनच ओरडत आले, मशीन बंद केलं, माझ्या हातातून मोजे ओढून काढले आणि एक सुटलेला धागा बोटात धरून म्हणाले, "हा धागा ड्रिलला अडकला ना पोरी, तर धागा तुटत नाही, हात आत जातो." फिरणाऱ्या मशीनवर, म्हणजे ड्रिल, लेथ, मिलिंग, हातमोजे घालायचेच नसतात. मशीन बंद असताना धारदार जॉब उचलायला मोजे ठीक, चिप्स (कापलेल्या धातूचे तुकडे) काढायला हूक आणि ब्रश, हात नाही. खरं सांगू का, हे आम्ही आयटीआयमध्ये शिकलेलो. पुस्तकात पहिलाच धडा सेफ्टीचा, परीक्षेत टिक पण बरोबर केलेलं. पण किटमध्ये मोजे आलेत, पैसे दिलेत, तर घातलेच पाहिजेत असं डोक्यात बसतं आणि बॉक्सवर कुठेही लिहिलेलं नाही की हे कुठे घालू नका. माझ्या मते या किटमधली सगळ्यात धोक्याची वस्तू हीच.

जॅकेटचं पण तेच. जाळीचं, झुळझुळीत, बाजूला लटकणाऱ्या नाड्या. मशीन शॉपमध्ये असलं काही घालून फिरणं म्हणजे लेथच्या चकला, जॉब पकडून फिरणाऱ्या भागाला, आमंत्रण. आमच्याकडे तर आयकार्डची दोरी पण शर्टच्या आत टाकायला लावतात, केस नेटमध्ये, बाही घट्ट, हातात कडं नको अंगठी नको. फोर्कलिफ्ट फिरते त्या यार्डात जॅकेट लागतं पण ते कंपनी देते, चेनवालं. माझं नारिंगी जॅकेट आता गावी पप्पांकडे आहे, रात्री लाइट आली की मोटर सुरू करायला रस्त्याकडेने चालत जातात तेव्हा घालतात. अर्धा स्टार त्याचा.

गॉगलवर लिहायला फार नाही. दोन तासात चरे पडले, कडेने पूर्ण उघडा, आणि मला चष्मा आहे तर चष्म्यावर बसतच नाही. नंबरचा चष्मा म्हणजे सेफ्टी गॉगल नाही हे पण मला इथेच कळलं. कंपनीने चष्म्यावरून घालायचा मोठा दिला, बाजूने बंद. आमच्याकडे एअर गनने, म्हणजे दाबाच्या हवेने, जॉब साफ करतात तेव्हा चिप्स कुठून उडतील नेम नसतो (आणि शिफ्ट सुटताना तीच हवा अंगावर मारून कपडे झटकणारे महाभाग पण आहेत, त्यांना काय बोलणार).

हेल्मेट, आयएस २९२५ चा नंबर नाही, आतला पट्टा प्लास्टिकच्या खुंट्यांचा, एक खुंटी पहिल्याच आठवड्यात तुटली. चांगल्या हेल्मेटच्या छज्जाच्या आत घड्याळासारखा गोल छाप असतो, बाण ज्या आकड्याकडे तो बनवल्याचा महिना आणि मधे वर्ष. यात तो छापच नाही. त्या प्रॉडक्टखाली एका मुलाने प्रश्न विचारलाय की बाइकवर चालेल का आणि विकणाऱ्याने चक्क "येस सर" लिहिलंय. अरे बाबांनो नाही चालत, ते वरून पडणाऱ्या वस्तूसाठी असतं, गाडीवरून पडल्यावर ते डोक्यावर राहणार पण नाही.

इअर प्लगला मात्र एक स्टार देते. फोमचे होते, साधे, पण काम करतात. आमच्या बाजूला प्रेस शॉप (पत्रा दाबणाऱ्या मशीनचा विभाग, कायम धडधड) आहे, पहिले काही दिवस मी ते नुसते कानात खुपसायचे आणि म्हणायचे काही उपयोग नाही. मग मॅडमनी दाखवलं, आधी बोटात वळून बारीक करायचा, दुसरा हात डोक्यामागून आणून कान वर-मागे ओढायचा, आत सरकवून अर्धा मिनिट बोट तसंच धरून ठेवायचं म्हणजे तो आत फुगतो. एकदम जग शांत. हात काळे असताना वळू नका एवढंच.

आता पैशाचा मुद्दा, जो मला आधी कुणी सांगितला असता तर १४९९ वाचले असते. हे सगळं कंपनीने फुकट द्यायचं असतं. १९४८ च्या कारखाना कायद्यात ११४ वं कलमच होतं की मालकाने जी साधनं पुरवायची आहेत त्याचे पैसे कामगाराकडून घ्यायचे नाहीत, आणि नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी जो नवीन सेफ्टीचा कोड लागू झालाय त्यात पण तेच आहे. "पण तुम्ही कामगार नाही, ट्रेनी आहात" असं कुणी म्हणालं तर १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्याचं १४ वं कलम दाखवा, कारखान्यात शिकणाऱ्या ॲप्रेंटिसला आरोग्य आणि सुरक्षेच्या बाबतीत कामगारासारखेच नियम लागू. १६ वं कलम भरपाईचं आहे, काम करताना लागलं तर जबाबदारी मालकाची. माझी एक मैत्रीण दुसऱ्या एका ठिकाणी लागली, तिथे कॉन्ट्रॅक्टरने स्टायपेंडमधून बुटाचे पैसे कापले, पावती पण नाही. तिला मी हे पाठवलं, तिने एचआरला मेल टाकला, पुढच्या महिन्यात पैसे परत आले, कुणी सॉरी वगैरे म्हणालं नाही.

आमच्या स्टोअरमध्ये पण बूट फुकट होते, फक्त सहाच्या खाली नाही. स्टोअरवाले दादा म्हणाले "ताई मोजे घालून ॲडजस्ट करा". म्हणजे परत तेच! मग ४ मार्चला सेफ्टी डे आला. नॅशनल सेफ्टी काउन्सिल १९६६ ला याच तारखेला सुरू झाली म्हणून तो दिवस. शपथ, पोस्टर स्पर्धा, समोसा. सूचना लिहायला चिठ्ठ्या दिल्या त्यात मी लिहिलं "बूट चार नंबर", बस एवढंच, घोषवाक्य वगैरे काही नाही. मॅडमनी बोलावून सांगितलं तू बाहेरून घे, बिल दे, शिक्का बघून घे.

तळेगाव रोडला एक सेफ्टीचं दुकान आहे, नाव टाकत नाही नाहीतर जाहिरात म्हणाल. छोटंसं, बाहेर दोरीवर हार्नेस टांगलेले. काकांनी आधी पाय कागदावर ठेवून पेन्सिलने आखला, आणि संध्याकाळी आलीस ते बरं केलंस म्हणाले, दिवसभर उभं राहून पाय सुजलेला असतो, सकाळी घेतलेला बूट संध्याकाळी चावतो. लेडीज मॉडेल होतं, चार नंबर, डबल डेन्सिटी सोल, म्हणजे वरचा थर मऊ आणि जमिनीला लागतो तो कडक. ९५० ला. शिक्का, आयएस नंबर, सीएम/एल सगळं होतं, मी तिथेच ॲपमध्ये टाकून बघितलं, काकांना राग नाही आला उलट म्हणाले रोज कुणीतरी बघितलं पाहिजे.

आणि त्यांनी स्वतःहून सोलवरचा बनवल्याचा महिना दाखवला. पीयूचा (पॉलियुरेथेन, एक प्रकारचं प्लास्टिक) सोल नुसता पडून राहिला तरी हवेतल्या दमटपणाने आतून कुजतो. हे मी डोळ्यांनी बघितलंय, आमच्या रूमवरच्या एकीला तिच्या भावाने ट्रंकेत जपून ठेवलेले "नवेकोरे" बूट दिले होते, बसस्टॉपपर्यंत जाईस्तोवर चहात बुडवलेल्या बिस्किटासारखा सोल गळून पडला. म्हणून सेलमध्ये अर्ध्या किमतीत मिळणारे बूट कितीही चकचकीत दिसले तरी आधी महिना बघा.

पहिला आठवडा टाचेला थोडा कडक वाटला, जाड सुती मोजा घातला मग बसला. कूलंट (मशीन थंड ठेवायचं तेलकट पाणी) सांडलेल्या फरशीवर घसरत नाही, वजन जाणवतं पण दुपारपर्यंत विसरायला होतं. टोपीच्या इथलं चामडं एका बाजूने खरचटलंय, जॉबची कड लागली होती, आत काही कळलं पण नाही. बिलाचे पैसे मिळायला दोन महिने लागले पण मिळाले. बुटाला पाचपैकी साडेचार, अर्धा कापला कारण लेस फार लांब आहे, मी गाठ मारून आत खोचते.

किट परत करायला गेले तर "हायजीन प्रॉडक्ट, रिटर्न नाही". आता स्टोअरमध्ये चार आणि पाच नंबरच्या दोन-दोन जोड्या आल्यात. नवीन बॅचला एक मुलगी आलीये तिचा पाय तीन नंबर. दुकानवाल्या काकांना विचारलं, मागवतो म्हणाले, नंबर लिहून घेतलाय, अजून फोन आलेला नाही.