दोन बहार चालवलेला रीड-ओन्ली कलेक्शन क्लास: वापरानंतरचा अनुभव

नागपूरच्या कळमना बाजारातल्या संत्रा लिलावाचा हिशेब ठेवणाऱ्या सी-शार्प सॉफ्टवेअरमध्ये 'लॉटयादी' हा स्वतः लिहिलेला रीड-ओन्ली (फक्त वाचता येणाऱ्या यादीचा) क्लास अंबिया आणि मृग, दोन्ही बहार चालला. क्लास हवाच, पण तो शून्यापासून लिहू नका. डॉटनेटमध्ये तयार असलेल्या रीडओन्लीकलेक्शन क्लासवरून इनहेरिट करा, म्हणजे त्याचा वारसा घ्या.

नुसती लिस्ट आयरीडओन्लीलिस्ट (फक्त वाचू देणारा इंटरफेस) म्हणून परत दिली तर ते कुलूप नव्हे, कडी आहे. कोणीही ती पुन्हा लिस्टमध्ये कास्ट करून ॲड मारतो आणि बोली संपल्यावर लॉट घुसला की अडत्याची पट्टी जुळत नाही.

पहिल्या आवृत्तीत फक्त आयरीडओन्लीलिस्ट होतं: काउंट, इंडेक्सर आणि दोन गेटएन्युमरेटर, बस. चालतं, पण लिंकचे (LINQ, म्हणजे याद्यांवर प्रश्न चालवण्याची सी-शार्पमधली सोय) काउंट() आणि लास्ट() हे आयकलेक्शन, आयलिस्ट हे जुने इंटरफेस शोधतात. आयरीडओन्ली इंटरफेसांकडे बघतही नाहीत. म्हणजे शेवटचा लॉट काढायला अख्खी यादी पालथी! रीडओन्लीकलेक्शनकडे आयलिस्ट आधीच आहे, म्हणून तो प्रश्नच उरत नाही. बदल्यात एक खोट पत्करावी लागते. आयलिस्टमधून ॲड केलं तर कंपायलर गप्प राहतो, नॉटसपोर्टेडएक्सेप्शन येतं ते प्रोग्राम चालू असताना.

सगळ्यात जास्त घोळ मात्र कन्स्ट्रक्टरमध्ये. रीडओन्लीकलेक्शन प्रत काढत नाही, दिलेल्या लिस्टवर फक्त आवरण घालतं. लिस्टचं ॲझरीडओन्लीही तेच करतं. मूळ लिस्टमध्ये लॉट पडत असताना इकडे फोरईचचा (foreach) लूप सुरू असेल, तर 'कलेक्शन वॉज मॉडिफाइड' म्हणत रिपोर्ट कोसळतो, आणि तोही नेमका लिलाव रंगात असताना, टेस्टिंगमध्ये नाही. उपाय एका ओळीचा: बेस कन्स्ट्रक्टरकडे लॉट्स.टूॲरे(), म्हणजे यादीची प्रत, द्या. आतला माल बदलणार नसल्यामुळे एकूण वजनही तिथंच एकदा मोजून ठेवता येतं.

लॉटच्या भावाला सेटर असेल तर यादी बंद करूनही भाव बदलतोच. लॉट हा सी-शार्पचा 'रेकॉर्ड' प्रकार करा, प्रॉपर्टींना सेटरऐवजी इनिट लावा, म्हणजे किंमत फक्त लॉट तयार होतानाच भरता येते.

डेटा जेसनमध्ये लिहिणारं सिस्टिम.टेक्स्ट.जेसन अशा क्लासची नुसती ॲरे लिहितं, एकूणवजन गुपचूप गळतं. त्यासाठी वेगळा डीटीओ (फक्त डेटा वाहून नेणारा क्लास) करा.

आणि यादीला स्वतःची एकही मेथड नसेल तर एवढा खटाटोप कशाला? तयार मिळणारी, न बदलणारी इम्यूटेबलॲरे वापरा.