1795 चा हाफ डाईम म्हणून मला नकली नाणं विकलं, कानशीच्या रेघांसकट

जुनी अमेरिकन चांदीची नाणी घेणाऱ्यांनी हे वाचाच. मी न्यू जर्सीत राहतो, सात-आठ वर्षं छोटी नाणी जमवतोय, आणि तरी साडेआठशे डॉलरला फसलो.

पेनसिल्व्हेनियातल्या एका कॉइन शोमध्ये 1795 चा हाफ डाईम दिसला, म्हणजे पाच सेंटचं चांदीचं नाणं, जेमतेम साडेसोळा मिलिमीटरचं. मोकळ्या केसांची लिबर्टी म्हणजे स्वातंत्र्याची देवी, कडेने पंधरा तारे, मागे डहाळ्यांच्या मधे छोटा गरुड, आणि किंमत कुठेच लिहिलेली नाही, तेव्हा लिहीतच नव्हते. रॉबर्ट स्कॉटचं हे डिझाइन फक्त 1794 आणि 1795 या दोनच तारखांवर आहे, दोन्ही मिळून 86,416 नाणी. माझा हातच थरथरायला लागला.

केसांवर तिरक्या बारीक रेघा होत्या. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, या मिंटच्याच म्हणजे टांकसाळीतल्याच आहेत, अॅडजस्टमेंट मार्क. आता ही गोष्ट खरी आहे हो, फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत चकती जड भरली की ठसा मारायच्या आधी कानशीने घासून वजन जुळवायचे. मी हे वाचलेलं होतं, म्हणूनच तर लगेच पटलं. रोख मोजले, पावतीसुद्धा मागितली नाही.

दोन महिन्यांनी ऑनलाइन असंच नाणं दिसलं, विकणारा वेगळा. फोटो मोठा केला आणि पोटात गोळाच आला, त्याच चार रेघा, तिसरी बरोबर त्याच जागी तुटलेली! हाताने घासलेल्या दोन चकत्यांवर सारखी रेघ येईलच कशी? एका खऱ्या नाण्यावरून साचा काढून पाडलेली पोरं होती ती. ओळखीच्या डीलरकडे वजन केलं, 1.35 ग्रॅम हवं तिथे 1.08 भरलं. झिजलं म्हणावं तर तारे टोकदार.

तेव्हा खिशात छोटा वजनकाटा ठेवा, त्याच नाण्याचे जुने फोटो शोधून ओरखडे जुळवून बघा, पावती घेतल्याशिवाय पैसे देऊ नका. सीलबंद डबीतलं असेल तर डबीवरचा नंबर ग्रेडिंग कंपनीच्या, म्हणजे नाणं तपासून दर्जा ठरवून डबीत बंद करणाऱ्या कंपनीच्या, साइटवर टाकून फोटो पडताळा, कारण डब्यासुद्धा नकली येतात. 1973 च्या कायद्याने नकलेवर 'कॉपी' असा शिक्का हवा, माझ्या नाण्यावर अर्थातच नव्हता.

त्या माणसाचा फोन आता लागत नाही. त्याच्या निळ्या ट्रेमध्ये त्या दिवशी असे अजून दोन हाफ डाईम होते.